मशीनला एक दिवस इसावा

धनराजनं जे केलं ते मायेपोटी केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक काय, बसल्या जागेवरून बोलायला मोकळे! बिदरात आजही कुणीकुणी म्हणतं, "एवढा शिकलेला माणूस, अन् कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत बसला." म्हणू द्या त्यांना. असं म्हणणाऱ्यांच्या मोटरसायकलीही त्या खंडेनवमीला झेंडूच्या माळा घालून दारात उभ्या होत्याच की.

धनराज मूळचा खटकचिंचोळीचा. बाप हरिबा मेंढरं राखायचा. धनराजला कळायला लागलं तेव्हा कळप आटत आला होता आणि पुढं तो विकून हरिबा दुसऱ्याच्या रानात रोजानं जायला लागला. आई तर धनराज रांगत असतानाच गेलेली. त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, शाळेत नेऊन बसवलं ते थोरल्या बहिणीनं, नागूबाईनं. तो तिला अक्का म्हणायचा आणि ती त्याला धन्या.

अक्काचा आवाज साऱ्या गावाला माहीत होता. संध्याकाळी हरिबा जाळीची वाघर उभी करायचा, तिच्या तोंडाशी बसून एकेक मेंढरू आत घ्यायचा आणि मोजायचा. कधीमधी एखादं कमी भरायचं. मग तो कंटाळून म्हणायचा, "जाऊ दे, लांडग्यानं नेलं आसंल." अक्का काही ते ऐकायची नाही. ओढ्याच्या काठावर जाऊन गळा ताणून हाका घालायची. एक हाक, दुसरी हाक, धनराजचे कान किटायचे तरी हिचं थांबणं नाही. "अक्के, जबाब येईना की, मेलं आसंल ते," असं तो म्हणायचा. "जबाब न्हाई आला मनून मेलं व्हय रं? दूर आसंल," असं म्हणून ती पुन्हा हाक घालायची. आणि बहुतेक वेळा अंधार पडता पडता ते मेंढरू खांद्यावर टाकून यायची.

तिचं लग्न कमलनगरच्या बाजूला झालं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी फार दिवस ठेवून घेतलं नाही. माघारी आली ती रोजगाराला लागली आणि त्या पैशावर धनराजनं बिदरला डिप्लोमा केला. पुढं तो हैदराबादला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायला शिकला. बिदरात एका ट्रस्टनं मोठा दवाखाना काढला तेव्हा तिथं त्याला नोकरी मिळाली आणि नौबादला भाड्याचं घर घेऊन तो, बायको विजयश्री आणि अक्का अशी तिघं राहायला लागली. विजयश्री समजूतदार. नणंदेचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही.

दवाखान्याच्या तळघरात एक थंडगार खोली होती. तीच धनराजची जागा. लोखंडी कपाटात सर्व्हर रात्रंदिवस घुमत असायचे. अक्काला एकदा त्यानं तिथं नेलं होतं. ती पदर घट्ट ओढून म्हणाली, "इतक्या गारठ्यात बसतूस व्हय? अन् ह्यात काय हाय?"

"ह्या एका पेटीत लई कॉम्प्युटर हायेत, अक्का. दिसत न्हाईत, अंग न्हाई त्यान्ला. पर कामं करायलेत. एकात औषधाचं दुकान, एकात हजेरी, एकात शेकाच्या मशीनचा सगळा हिशेब."

"अंग न्हाई अन् कामं करायलेत!" ती घाबरून हसली. "भुतंच की मग."

त्याला तो शब्द काही वावगा वाटला नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे दुसरं काय असतं? पेटी खरी, बाकी सगळा कारभार बिनदेहाचा. पेटी बंद पडली की सगळी जागच्या जागी गप्प.

ह्या मशीनींचा रोज रात्री बॅकअप निघायचा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल. एक प्रत बिदरला राहायची आणि एक ट्रस्टच्या कलबुर्गीच्या शाखेत जायची. भानगड वेगळीच होती. डॉक्टर लोक काहीतरी तपासायला नवी मशीन मागायचे, काम झालं की काढून टाक म्हणायचे. मशीन जायची, तिचे बॅकअप मात्र तसेच पडून राहायचे. मेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर राहावं तसं. जागा भरत चालली होती, चेअरमन नव्या डिस्क घ्यायला तयार नव्हते आणि धनराजला तर मुळातच अडगळ सहन व्हायची नाही. घरात रिकामी डबी दिसली तरी विजयश्रीला विचारायचा, "ही कामून ठेवलीस?"

आधी तो एकेक बॅकअप हातानं काढायचा. मग त्यानं स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच सांगून ठेवलेलं काम, पुढं ते आपलं आपण होत राहतं. ही रोज दिवेलागणीला चालायची. प्रत्येक पेटीला विचारायची, तुझ्याकडं कोण कोण मशीनी आहेत? मग बॅकअपकडं बघायची. जिचा बॅकअप आहे पण मशीन कुठंच नाही, ती काढून टाकलेली समजायची आणि तिचे बॅकअप पुसायची. बिदरचेही आणि कलबुर्गीचेही. अर्धवट झाडलेलं धनराजला आवडायचं नाही ना!

पहिल्यांदा ती पुसण्याआधी विचारायची, "काढू का?" धनराज नावं बघून हो म्हणायचा. नंतर त्यानं ते विचारणंच काढून टाकलं. उगाच नाही काढलं. त्याच्या संध्याकाळी आता अक्काच्या झाल्या होत्या.

उन्हाळ्यात अक्काचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं तपकिरीनं घसा खवखवतोय. काढे झाले, गोळ्या झाल्या, घास गिळताना ती डोळे मिटायला लागली तेव्हा धनराज तिला आपल्याच दवाखान्यात घेऊन गेला. घशात गाठ होती. गाठ कसली, हे सांगताना डॉक्टर श्रीदेवी मॅडमनी त्याला खुर्चीवर बसायला लावलं. त्या शेकाच्या, म्हणजे गाठीवर किरणं सोडायच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर, बोलायला सरळ. मॅडम म्हणाल्या, "वेळेत आलात. शेक दिला तर आवाज वाचेल, माणूसही वाचेल. एकच सांगते. सुट्टीचे दिवस आम्ही धरलेलेच असतात, तेवढे सोडून एकही दिवस चुकवायचा नाही. मध्ये खंड पडला की ती गाठ आपल्यापेक्षा जोरात पळते."

तेव्हापासून धनराज रोज दुपार कलली की तळघरातून वर यायचा. अक्काच्या तोंडावर बसेल असा जाळीचा मुखवटा बनवला होता, तो चढवून निलम्मा तिला फळीवर निजवायची. निलम्मा ती मशीन चालवायची. बाई मोठी मायाळू, "अक्का, हालू नका हां," असं दर वेळी तितक्याच प्रेमानं सांगायची. किती शेक झाला, कुठून गेला, कण्याच्या किती जवळून गेला, हे सगळं धनराजच्या पेटीतल्या त्या एका मशीनमध्ये उतरायचं. पूर्वी कागदाची कार्डं असायची. ट्रस्टनं कागद बंद केले आणि त्याचा केवढा गाजावाजा केला! समारंभ झाला, चेअरमननी फीत कापली, धनराजच्या गळ्यात शाल पडली.

निम्मा शेक संपला आणि गाठ मऊ पडली. अक्काचा आवाज फाटका का होईना, परत यायला लागला. एके दिवशी तिनं स्वयंपाकघरातून "धन्याऽ" अशी हाक मारली आणि विजयश्रीच्या हातातलं उलथनं खाली पडलं. धनराज तर बाहेर जाऊन रडून आला. आता सगळं नीट होणार, असं त्या घरानं त्या दिवशी मनाशी धरलं.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला अन् दसऱ्याला शेकाला सुट्टी. आदल्या दिवशी जेवता जेवता अक्का म्हणाली, "निलम्मा वरच्या मशीनला हार घालती दर वर्साला. तुज्या खालच्या मशीनचं काय? तिला कदी इसावा दिलास का?"

"तिला बंद करत नसतेत, अक्का."

"कामून? पोळ्याला बैल जुपतेत का? माज्या जिवासाठी राबायली ती. एक दिवस तिला निजू दे. पूजा कर, दुसऱ्या दिवशी उठीव. माजं एवडं ऐक."

धनराज हसला, पण आत कुठंतरी चरकला. ती पेटी दवाखाना उघडल्यापासून एकदाही थांबली नव्हती. जुन्या डिस्कचं असं असतं की फिरताहेत तोवर फिरतात. थांबवल्या तर पुन्हा उठतीलच ह्याची खात्री नसते. हैदराबादला त्याच्या साहेबानं हे एकदा सांगितलं होतं. पण समोर अक्का बसली होती. गळ्याची कातडी शेकानं काळी पडलेली, पेज गिळायला धडपडणारी. जन्मभर तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं, देतो इसावा."

आणि बेफिकिरीनं केलं असंही नाही हो! खंडेनवमीला सकाळी जाऊन त्यानं सगळ्या विभागांना कळवलं. सुट्टीच होती, कुणाची हरकत नव्हती. रात्रीचा बॅकअप नीट निघालाय का ते उघडून बघितलं. बिदरचा ठीक, कलबुर्गीचा ठीक. मग एकेक मशीन रीतसर बंद केली आणि शेवटी पेटी बंद केली. बॅकअपची पेटी वेगळी होती, ती चालूच राहिली, पण खोलीतला निम्मा आवाज गेला. इतक्या वर्षांत ती शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती आणि ती काही त्याला आवडली नाही. त्यानं पेटी पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं. बाहेर पायरीवर कोहळा फोडला. त्याचं लाल पाणी पायरीवरून ओघळत खाली गेलं. हात जोडून तो म्हणाला, "अक्काला बरं कर." स्क्रिप्ट त्याला आठवली नाही. इतके महिने ती न विचारता, न चुकता चाललेली, आठवावी तरी कशाला?

घरी देवघरात घट बसलेले होते. विळा, कात्री, विजयश्रीचं शिलाईमशीन, सगळं पुसून मांडलं होतं. धनराजनं आपला लॅपटॉपही त्यांत ठेवला. अक्कानं स्वतःच्या हातानं त्याला कुंकू लावलं. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. हरिबासुद्धा त्या दिवशी कुऱ्हाड उचलायचा नाही, लाकडं संपली तर शेजाऱ्याकडून आणायचा.

दिवे लागले. तिघं देवघरासमोर बसली होती आणि धनराजच्या फोनवर निरोप वाजला. तो निरोप रोजच यायचा. गमतीनं त्यानंच स्क्रिप्टला मराठीत लिहून दिला होता, "आवराआवर झाली." पुढं किती मशीनींचे बॅकअप काढले तो आकडा. रोज तिथं शून्य असायचं, फार तर एक. आज पाच होते.

धनराजनं आकडा पुन्हा वाचला. पाच कुठल्या? नावं निरोपात नसायची, ती लॅपटॉपवरच दिसायची. तो उठून देवघराकडं वळला.

"काय करायलास?" अक्का म्हणाली.

"एवडंच बगतो, अक्का. दोन मिनिटं."

"आज हात लावू नगं. कुंकू लावलंय त्याला."

"अगं, काय तरी पुसलं गेलंय वाटायलंय."

"पुसलं आसंल तर उद्या भर. माज्यासाठी केलास न्हवं हे सगळं? मग आर्दं कामून मोडायलास?" बोलता बोलता तिला ठसका लागला. विजयश्री पाणी घेऊन धावली आणि नवऱ्याकडं बघून तिनं नकारार्थी मान हलवली. आजारी माणसाला दुखवू नका, एवढाच तिचा अर्थ.

धनराज खाली बसला. बसला आणि मनाची समजूत घालायला लागला. सुट्टीच्या आधी डॉक्टरांनी तपासणीच्या मशीनी काढून टाकल्या असतील, त्याच पाच. आणि पुसलेलं काही लगेच जात नाही. ते पहाटेपर्यंत कचऱ्यात पडून असतं, पहाटे यंत्रणा स्वतः जागा मोकळी करते, मगच ते कायमचं जातं. हे त्याला पाठ होतं. पहाटेपर्यंत वेळ आहे, असं त्याला वाटलं आणि नेमकी तीच गोष्ट त्याला झोपू देईना. एकदा उठूनही बसला. अक्का देवघराच्या दारातच अंथरूण टाकून निजली होती, नंदादीप विझू नये म्हणून. तिला ओलांडून जावं लागलं असतं. तो परत आडवा झाला.

अरे, गेला असतास की ओलांडून! लाथ लागली असती तरी चाललं असतं! पण हे आपण आज म्हणायचं.

दसऱ्याला उजाडताच अंघोळ करून, देवाला सोनं वाहून तो लॅपटॉप घेऊन दवाखान्यात गेला. आधी पेटी उठवावी म्हटलं, की सगळं दिसेल. बटण दाबलं. दिवे लागले, पंखा घुमला, आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. बंद दारावर कुणी आतून बोटानं वाजवावं तसा. डिस्क उठेनात. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू केली. तोच आवाज, मग तोही थांबला. माळेतली झेंडूची फुलं कोमेजून पेटीला चिकटली होती.

तरी तो घाबरला नाही. बॅकअप होता ना! लॅपटॉपवरचं कुंकू बाहीनं पुसून त्यानं बॅकअप उघडला. शेकाच्या मशीनची जागा रिकामी होती. औषध दुकानाची रिकामी, हजेरीची रिकामी. पेटीतल्या पाचही मशीनी गेलेल्या. कलबुर्गीची प्रत उघडली, तिथंही रिकामं. कचरा बघितला. पहाटेच साफ झाला होता.

मग त्यानं स्क्रिप्टनं काय केलं ते वाचलं. वाचायची गरज नव्हती, तिचा प्रत्येक शब्द त्याचाच होता. दिवेलागणीला तिनं पेटीला विचारलं, तुझ्याकडं कोण कोण आहे? पेटी माळ घालून निजलेली. जबाब आला नाही. जबाब नाही म्हणजे कुणीच नाही, असं स्क्रिप्ट समजली. धनराजनं तिला तसंच शिकवलं होतं. एकदा विचारायचं, आणि जबाब नाही आला की मेलं समजून टाकून द्यायचं.

त्यानं लॅपटॉप मिटला. मग तोंडावर हात दाबून गुरासारखा ओरडला. तळघरात ऐकायला कुणी नव्हतं.

डिस्क हैदराबादला नेल्या. बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणारी तिथली माणसं उघडून बघून म्हणाली, हातात काही लागण्यासारखं नाही. इकडं शेकाच्या विभागाबाहेर बाकड्यांवर माणसं बसून होती, गळ्याला फडकी बांधलेली, कुणी औरादहून आलेलं, कुणी भालकीहून. कुणीतरी विचारायचं, "आज व्हईल का वो?" निलम्माला कुणाचे किती दिवस झाले ते साधारण आठवत होतं. पण शेक नेमका कुठून कुठं गेला, ते कुणाच्या आठवणीत राहण्यासारखं नव्हतं.

चेअरमन म्हणाले, डिस्क गेली, नशीब, त्याला कोण काय करणार. एवढ्यावर मिटलंही असतं. स्क्रिप्टचं कुणाला ठाऊक होतं? पण धनराज श्रीदेवी मॅडमकडं गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला.

"धनराज, पहिल्यापासून शेक देता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "मशीन विसरली, शरीर विसरलेलं नाही. निम्मं त्यानं सोसलंय. आणि उरलेला निम्मा अंदाजानं देता येत नाही, बाजूला मणका आहे. नवीन मोजमाप घेऊ, जपून, कमी कमी देऊ. पण दिवस जाणार." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या अक्काला कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. अक्का भिंतीला टेकून बसली होती. आवाज पुन्हा जाड व्हायला लागला होता, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही बोलत नव्हते. त्यानं पेटी, जबाब, स्क्रिप्ट, तिला समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं.

"म्हंजी म्याच मारलं की मला," ती म्हणाली. "इसावा दे मनलं म्या. हात लावू नगं बी मनलं."

"तू न्हाई!" तो एवढ्यानं ओरडला की विजयश्री आतून पळत आली. "तू काई केली न्हाईस, अक्का. इसाव्यानं काईच बिगडलं नसतं. म्या बॅकअप पुसलो. म्या पुसलो!"

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. लहानपणी तो पडून यायचा आणि ती गुडघा बघायची, तसं बघत होती.

"हाक एकदाच मारलास, धन्या," ती हळू म्हणाली. "एकदाच मारून मेलं मनून टाकलास. ओढ्यावर माज्यासंगं येत व्हतास की रं. कसं शिकला न्हाईस?"

तो पुढं सरकला. तिच्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिला आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

नवा मुखवटा बनवला, कारण जुना सुजलेल्या तोंडाला बसेना. नवा शेक सुरू झाला तोवर गाठ पळाली होती, मॅडम म्हणाल्या होत्या तशीच. आवाज पुन्हा गेला. मग श्वास अडायला लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्या नळीतून हवा ये-जा करायची, शब्द यायचे नाहीत. जी बाई ओढ्याच्या काठावरून शिवार हलवायची, तिच्या तोंडून घरात हूं की चूं नाही.

धनराजनं स्क्रिप्ट बदलली. आता ती जबाब आला नाही तर पुन्हा विचारते, दुसऱ्या दिवशी विचारते, तिसऱ्या दिवशी विचारते, आणि माणूस हो म्हणाल्याशिवाय काही पुसत नाही. चेअरमननी नव्या डिस्कही घेतल्या. कामावरून त्याला कुणी काढलं नाही. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी दोघांचं एक ठरलं होतं. तो बाहेरून आला की उंबऱ्यातून "अक्का" म्हणायचा आणि ती आतून पितळी ताटलीवर पेल्यानं ठण्ण करायची. एवढं ऐकलं की तो चपला काढायचा.

थंडीचे दिवस. दिवेलागणीला तो आला तेव्हा विजयश्री गिरणीवर गेली होती. दार नुसतं लोटलेलं. त्यानं उंबऱ्यातून हाक मारली, "अक्का."

ठण्ण झालं नाही.

"अक्का," त्यानं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं.

आतल्या खोलीचं दार चार पावलांवर होतं. जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. तो गेला नाही. चौकट धरून उभा राहिला, पायांत चपला तशाच, आणि तिसऱ्यांदा हाक मारली. शेजारची सिद्धव्वा कणकेच्या हातानं बाहेर आली. "काय झालं रे धनराज? कामून ओरडायलास?"

"काई न्हाई," तो म्हणाला. "जबाब येईना. दूर आसंल."

आणि गळा ताणून त्यानं परत हाक मारली.